लाल दोऱ्याचं पिल्लू

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी, घरात कुणी नसताना मी दोन पिल्लांच्या गळ्यातले दोरे सोडले आणि याचा त्याला, त्याचा याला बांधला. दोन मिनिटांचं काम. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, देवापुढे हात जोडल्यावर मनातल्या मनातसुद्धा नाही. या हिवाळ्यापर्यंत.

आमच्याकडे हिवाळा मथुरामावशीच्या पाटीतून येतो. सरावलीच्या आमच्या कॉलनीत ती घिवलीहून मासळी घेऊन यायला लागली त्याला आता वीस वर्षं होतील. पावसाळाभर पाटीत काय असेल ते असतं. पण दिवाळी उलटली, सकाळी गार वारा सुटला, की एक दिवस वरच्या ओल्या मासळीखाली वर्तमानपत्राची पुडी निघते. त्या साली वाळवलेले पहिले बोंबील. पुरते वाळलेले नसतात, मधे अजून मऊ असतात. "घ्या, थंडी आली," असं म्हणून मावशी ती पुडी आमच्या ओट्यावर ठेवते, आणि मग खरोखरच थंडी येते. यंदाही आली. पुडी उघडली, वास नाकात गेला आणि तो सगळा हिवाळा पिल्लांच्या कुईकुईसकट परत घरात शिरला.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका डाईंग हाउसमध्ये आहे, लॅबमध्ये. माझं काम शेड जुळवायचं. गिऱ्हाइकाने पाठवलेला बोटभर तुकडा आणि आम्ही रंगवलेला धागा दिव्याखाली शेजारी धरायचे आणि सांगायचं: जमला, किंवा जमला नाही. तीस वर्षं हेच केलं. बोलायचं काम कमी, बघायचं जास्त. माझ्यासारख्या घुम्या माणसाला बरंच. या कामामुळेच मी यॉर्कशायर टेरियरच्या नादाला लागलो असं आता वाटतं. हा कुत्रा मुळात कापड गिरण्यांतला. विलायतेत विणकरांच्या घरचा, गिरणीत उंदीर मारणारा. पण मला भुरळ पडली ती त्याच्या रंगाची. पिल्लू जन्मतं काळं, डोळ्यांवर नि पायांवर तांबूस ठिपके घेऊन. मग वर्ष-दीड वर्षात त्या काळ्यातून हळूहळू एक पोलादी निळा वर येतो. काही कुत्र्यांत तो कधीच येत नाही. काहींत राखाडी होऊन फसतो. पण ज्यात जमतो त्याच्या पाठीवर दुपारचं ऊन पडलं की घासलेल्या सुरीच्या पात्यासारखी झळाळी दिसते. मी लॅबमध्ये शेकडो निळे बघितले, तो एक मला करता आलेला नाही.

जुईला आम्ही आणलं तेव्हा लॅबमधला आमचा राजभर हसला होता. "साहब, इतना छोटा कुत्ता? मशीन में गिर गया तो अगले लॉट में निकलेगा." खरं तर जुई छान दणकट होती. जवळजवळ तीन किलोची, छातीला रुंद, तोंडाने भांडखोर. पहिल्यापासून आमचा नेम होता की दोन वर्षांची होईपर्यंत तिला पिल्लं नकोत. तोवर कॉलनीतले लोक विचारून जात. "पर्समध्ये मावेल असं मिळेल का हो?" माझी बायको सुलभा त्यांना म्हणायची, "पर्समध्ये पैसे ठेवा, रुमाल ठेवा. कुत्रं मांडीवर ठेवायचं असतं." फार लहान आईला बाळंतपण झेपत नाही, फार लहान पिल्लाची हाडं काडीसारखी मोडतात, हे आम्ही वाचलं होतं, डॉक्टरांकडून ऐकलं होतं. जुईचे गुडघे तपासून घेतले. डोळे, दात, हृदय, सगळं. एवढी काळजी घेतली मी.

आणि मग नर बघायला मुंबईला गेलो तेव्हा फक्त रंग बघितला. तो काय निळा होता! मालकाने त्याला टेबलावर उभं केलं, जमिनीपर्यंत केस सोडले, मधोमध भांग पाडला. शोमध्ये जिंकलेला कुत्रा. त्याच्या गुडघ्याचं विचारायचं मला सुचलं नाही असं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याची भीती वाटली.

जुईला तीन पिल्लं झाली, नवरात्राच्या आसपास. दोन माद्या, एक नर. तीन काळे उंदीरच, एकमेकांपासून ओळखू येईनात, म्हणून मी लॅबमधले शेडचे दोरे आणून त्यांच्या गळ्यात सैलसर बांधले. लाल, हिरवा, पिवळा. दर चार दिवसांनी दोरा सोडून पुन्हा सैल करायचा, कारण पिल्लं वाढतात आणि दोरा वाढत नाही.

पण पहिल्या आठवड्यात ती वाढेचनात. जुईला दूध पुरेना. डॉक्टरांचं औषध चालू होतं, आम्ही दोघं ड्रॉपरने दूध पाजत होतो, सुलभाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. अशात मावशी दारात आली, पाटी उतरवली आणि आत डोकावली.

"काय गो, कोन बालंत झालं?"

"आमची जुई. पण दूध नाही मावशी."

मावशीने जुईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भाऊ, शिकलेलं मानूस तुमी. बालंतिणीला काय देतात ते ठावं नाय? मुशी द्या तिला, मुशी."

"ती कुत्री आहे मावशी."

"मग? कुत्रीची आई वेगली नि बाईची आई वेगली काय?"

दुसऱ्या दिवशी तिने मुशी आणली, म्हणजे शार्कचं पिल्लू. लहान, हातभर. स्वतः साफ केली, बिनमिठाची उकडली, कुस्करून बोटावर घेऊन जुईच्या तोंडाशी धरली. तीन दिवस काही न खाल्लेल्या जुईने तिचं बोट चाटून साफ केलं. मग आठ-दहा दिवस मावशी रोज यायची. विकायला नाही, मुशी द्यायला. औषधाने की मुशीने ते मला माहीत नाही, पण जुईला दूध आलं. पिल्लांच्या गळ्यातले दोरे पहिल्यांदा घट्ट झाले त्या दिवशी सुलभा स्वयंपाकघरात एकटीच नाचली. मी दाराआडून बघितलं. आमच्या लग्नाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती आणि ही बाई नाचते हे मला माहीत नव्हतं.

तिनेच मावशीला शब्द दिला. "यातलं एक तुमचं. आणि पहिली निवड तुमची. आमच्याही आधी." मावशी आधी हसली, "मी याला बोंबलाच्या जालीला बांदू का?" म्हणाली; पण तिचा नवरा त्या आधीच्या वर्षी गेला होता, सून मनीषा दिवसभर कामावर असायची, आणि ती पुन्हा पुन्हा आत डोकावायची ते आम्हाला दिसत होतं.

त्या हिवाळ्याइतका आनंद आमच्या घरात आधी कधी नव्हता. सकाळी उन्हाचा पट्टा गॅलरीत यायचा आणि तीन पिल्लं त्या पट्ट्याबरोबर सरकत सरकत दुपारपर्यंत स्वयंपाकघरात पोचायची. वाटीत चारही पाय ठेवून जेवायची. माझ्या चपलेवर तिघांनी मिळून चढाई केली आणि चप्पल जिंकली. लॅबमध्ये मी एकदा पहिल्यांदाच आपणहून गोष्ट सांगायला लागलो, चपलेची, तर राजभर म्हणाला, "साहब को बोलना आता है!"

पिल्लं दहा आठवड्यांची झाल्यावर मावशी निवडायला आली. खाली फरशीवर मांडी घालून बसली. पदर पसरला. लाल दोऱ्यावाली सरळ चालत आली, पदरात चढली आणि मावशीच्या बांगड्या चावायला लागली. "हीच," मावशी म्हणाली. "मी नाय निवडली हिला. हिनं मला निवडली." बारा आठवड्यांची होईपर्यंत आईजवळ राहू देऊ, नाताळच्या सुमारास घेऊन जा, असं ठरलं.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी तिघांना एकटाच डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी एकेकाचा मागचा पाय हळूच दुमडून बघितला. हिरव्या दोऱ्यावालीच्या गुडघ्याशी त्यांचं बोट थांबलं. माझं बोट धरून तिथे ठेवलं. वाटी जागची सरकली आणि परत बसली. टिचकी वाजल्यासारखं काहीतरी बोटाला जाणवलं. "वाटी सैल आहे," ते म्हणाले. "आता त्रास नाही, पुढे होऊ शकतो. हिच्यापासून पिल्लं घेऊ नका. आणि देणार असाल तर सांगून द्या. भावंडांचेही पाय पुढे तपासत राहा, हे बापाकडून आलेलं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी तो रविवार. सुलभा पालघरला बहिणीकडे गेली होती. मी लाल दोऱ्यावालीचे केस विंचरत होतो, आणि उन्हात तिच्या पाठीवरचे केस फुंकरीने दुभागले, तर मुळाशी मला तो दिसला. दोन-तीन केसांच्या बुडाला, दुसऱ्या कुणाला दिसला नसता एवढाच. पोलादी निळा. इतकी वर्षं मी ज्यासाठी डोळे झिजवले ते सगळं त्या दोन केसांच्या मुळाशी. ही शोची आहे. ही घिवलीला जाणार, बोंबलाच्या खाऱ्या वाऱ्यात, रेतीत, हिचे केस कोण राखणार? असं मी स्वतःशी बोललो. हिरव्या दोऱ्यावालीचं काय, ती नाहीतरी शोत चालणार नाही, ती घरगुतीच. 'पेट क्वालिटी'. हा शब्द मी तेव्हा मनात उच्चारला, आणि त्याच्या आड उभा राहून दोरे बदलले.

संध्याकाळी सुलभा आली. "आज ही लालवाली गप्प का?"

"लस टोचलीय काल," मी म्हणालो.

नाताळात मावशी घ्यायला आली. पदर पसरून बसली. पिल्लू आलं नाही, कोपऱ्यातून बघत राहिलं. "आज माझ्यावर रुसली वाटतं," ती म्हणाली, उठली, आणि जाऊन तिला उचलून छातीशी धरलं. कुणी रुसलं तर आपणच जाऊन उचलायचं असतं, इतकं तिचं सरळ होतं.

तिने तिचं नाव ठेवलं करंदी, म्हणजे बारीक कोळंबी. आणि मी ठेवून घेतलेलीचं नाव, कागदावर, 'लेडी ब्लू ऑफ सरावली'. घरात नुसती निळी. पिवळ्या दोऱ्याचा टिपू वैतरण्याच्या एका निवृत्त गुरुजींकडे गेला.

निळीचा रंग मी म्हटलं होतं तसाच आला. तिच्या केसांना तेल लावून, बटा करून, एकेक बट कागदाच्या पुडीत गुंडाळून रबर लावायचं. अंगभर पुड्याच पुड्या. भेळवाल्याच्या गाडीवर टांगतात तशी दिसायची. खाजवू नये म्हणून मागच्या पायांत मोजे. ती दोन हिवाळे शोमध्ये उतरली. एकदा तिच्या गटात पहिली आली. गटात आणखी एकच कुत्री होती, तीही ऐन वेळी टेबलावर झोपली. शो वाईट असतो असं मी म्हणणार नाही. तिथे भेटलेल्या एका म्हाताऱ्या बाई आपल्या कुत्र्यांना जेवढं जपत तेवढं मी माणसांना जपलेलं बघितलं नाही. त्या मला म्हणाल्या होत्या, "आधी घरचा कुत्रा चांगला हवा, मग शोचा. एकाच आईच्या पोटातून येतात दोघं. ज्याला पाय नीट नाही त्याला रंग कशाला?" मी मान डोलावली, आणि घरी येताना निळीला मांडीवर घेऊन बसलो.

मी पुन्हा पिल्लं केली नाहीत. जुईचं ऑपरेशन करून घेतलं, वर्षभराने निळीचंही. सुलभाने विचारलं, "एवढा तुमचा जीव यात, आणि एकदम बंद?" मी म्हणालो, "वय झालं आपलं."

पण घिवलीला मात्र मी दर पंधरा दिवसांनी जायला लागलो. स्कूटरवरून, वीजकेंद्राच्या बाजूने, किनाऱ्यापर्यंत. करंदीला ओट्यावरून उडी मारू देऊ नका, वजन वाढू देऊ नका, पायरीला फळी लावा. हे सगळं मी 'या जातीची रीत' म्हणून सांगायचो. मावशीने निमूट फळी लावली. "भाऊ, तुमी मला भेटायला येत नाय, कुत्रीच्या पाया पडायला येता," म्हणायची. तिला काय माहीत.

आणि करंदी! हिवाळ्यात किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत असतात, हजारो, झालरीसारखे, आणि त्याखालून ही अडीच किलोची बाई गस्त घालायची. कावळा खाली उतरला की सुटलीच. मांजरांना तिने दहशत बसवली होती. रेतीत भोकं पाडून खेकड्यांशी भांडायची, नाकावर चिमटा घेऊन केकाटत यायची आणि लगेच पुन्हा जायची. केस मनीषाने कात्रीने बारीक केलेले, कुठे लांब कुठे तोकडे. रंग अर्धा काळा, अर्धा राखाडी, माझ्या लॅबमध्ये आला असता तर मी नापास केला असता. धावता धावता मधेच मागचा एक पाय वर घ्यायची, तीन पायांवर चार उड्या, आणि पुन्हा चारही पायांवर. सगळा किनारा हसायचा. "बगा, करंदी लंगडी खेलते!" मीही हसायचो. इतकी मजेत असायची ती की हसू यायचंच. घरी जाताना मात्र ती टिचकी माझ्या बोटाच्या टोकाला परत जाणवायची.

यंदा बोंबलाची पुडी ओट्यावर ठेवली आणि मावशी म्हणाली, "भाऊ, एक गोड बातमी. मनीषानं बोईसरात करंदीला नवरा बगितलाय. येत्या माजाला जोडी लावायची. पयलं पिल्लू तुमाला. सुलभानं मला दिलं ना, तसं."

रात्रभर जागून विचार वगैरे मी केला नाही. जेवताना सुलभाला सांगून टाकलं. तिने घास खाली ठेवला. मग एवढंच, "शब्द माझा होता तो." उठून हात धुतले. सकाळी म्हणाली, "घिवलीला तुम्ही एकट्याने जायचं. मी येणार नाही."

मावशी बोंबील टांगत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दांडीवर टाकायची. मीही समोर बसून अडकवायला लागलो, धड जमेना. मनीषा शेजारी टोपली घेऊन. करंदी पायाशी. तिथे मी सांगितलं. मुंबईचा नर, डॉक्टरांचं बोट, निळा रंग, लाल दोरा, सगळं. मावशीचे हात थांबले नाहीत. जोडी, दांडी, जोडी, दांडी.

संपल्यावर तिने पहिलं विचारलं, "पाय दुखतो का तिला?"

"आत्ता नाही. पुढे दुखेल कदाचित. ऑपरेशन होतं त्याचं. मी करून देईन, मी—"

"आनि पिल्लांना?"

"येऊ शकतं. म्हणून जोडी नको."

"नको म्हंजे नको," ती मनीषाकडे वळून म्हणाली. मनीषाचा चेहरा उतरला. "आई, मी त्या लोकांना हो सांगितलंय."

"नाय सांग मग. लंगडी पोरं जन्माला घालायची हौस हाय काय तुला?"

मग माझ्याकडे. "भाऊ, वीस वर्सं मासली देते तुमाला. कदी सडकी दिली? चांगली दाकवून दुसरी घातली पिशवीत?"

"नाही, मावशी."

"नाय ना?" एवढंच. मी बोंबील अडकवत राहिलो, कारण उठून जायची परवानगी मला कुणी दिली नव्हती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुमचे बोंबील पडतात सगले. जबडा उघडून घाला, जबडा. तोंड उघडायला चार वर्सं लागतात तुमाला." मनीषा फिस्सकन हसली. मग मावशी म्हणाली, "मी निवडलेली आना. बगू तर द्या ती कोन हाय."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं निघालो, सुलभाही. आदल्या संध्याकाळी तिने निळीच्या सगळ्या पुड्या सोडल्या आणि कात्री घेतली. मी काही बोलायच्या आत एवढाले निळे केस फरशीवर पडले. "बघत काय बसलात? धरा तिला." मी धरलं. केस निघाल्यावर निळी स्वतःभोवती तीनदा गोल फिरली, थांबली, आणि घरभर अशी सुटली की जुई झोपेतून उठून भुंकायला लागली.

किनाऱ्यावर तिला खाली ठेवलं. रेती तिला माहीतच नव्हती. एक पाय उचलला, झटकला. दुसरा उचलला. चारही पाय एकदम उचलता येत नाहीत हे कळल्यावर खाली बसली. तेवढ्यात करंदी बोंबलांखालून आली, हिला हुंगलं, आणि भुंकून सांगितलं ते कुत्र्यांच्या भाषेत 'चल' असणार. आणि निळी गेली. चार वर्षं पुड्यांत गुंडाळलेली माझी लेडी ब्लू कावळ्यांवर धावून गेली, ओल्या रेतीत घसरली, लाटेला भुंकली, लाट आली तेव्हा पळाली, आणि शेवटी पडलेल्या एका कुजक्या बोंबलावर पाठीने मनसोक्त लोळली. सुलभा हसता हसता रेतीत बसली. करंदी लंगडी खेळत तिच्या मागे, पुढे, आडवी. या खेपेला मी हसलो तेव्हा तिच्या मागच्या पायाकडे बघत हसलो.

मावशीने पदर पसरला. निळी आली, चढली, आणि बांगड्या चावायला लागली.

"हीच," मावशी हळूच म्हणाली. तिने तिला उचललं, डोळ्यांसमोर धरलं. मला वाटलं आता मागेल. मागितली असती तर मी दिली असती. सुलभाला तसं सांगून आलो होतो. मावशीने तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि खाली सोडलं. "चांगली हाय. पन करंदीला कोनाला देऊ मी? आनि दोन-दोन मला नको. दर आयतवारी हिला घेऊन यायचं रेतीत. ही शिक्षा समजा नायतर जेवन समजा. वरनं आमच्याकडं जेवायचं." दुपारी ओल्या बोंबलाचं कालवण होतं. घरी येताना स्कूटरवर निळीचा इतका वास येत होता की सरावलीच्या वॉचमनने लांबूनच विचारलं, "साहेब, मासळी आणली?"

त्यानंतर आम्ही आठ रविवार गेलो. करंदीचा पाय पालघरला दाखवला. डॉक्टर म्हणाले, सध्या फळी आणि वजन सांभाळा, गरज पडली तर करू. मनीषा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, नवव्या दिवशी करंदीचा लंगडीचा व्हिडिओ पाठवला.

गेल्या रविवारी मावशीने बोंबील टांगता टांगता विचारलं, "आनि तिसरा? पिवल्या दोऱ्याचा?"

मी पुढचा बोंबील उचलला. ती टांगत राहिली, जोडी, दांडी.

टिपू वैतरण्याला गुरुजींकडे आहे. गेल्या वर्षी त्याला जोडीसाठी नेलं होतं आणि चार पिल्लं झाली, हे गुरुजींनी मला आनंदाने फोनवर कळवलं होतं, मी अभिनंदन केलं होतं. त्यांना बापाच्या गुडघ्याचं मी सांगितलेलं नाही. ती चार पिल्लं ज्या चार घरांत गेली त्यांनाही ते माहीत नाही. गुरुजींना आणि त्या चार घरांना खरं सांगायचं देणं मी अजून लागतो.